डिझेल भरपूर होतं

संगणकावरच्या एडिटरमध्ये मजकूर निवडून आज्ञा दिली की तो एका छोट्या प्रोग्रामकडे जातो आणि गाळून त्याच जागी परत येतो. घाईत बातमीत एकच ओळ दोनदा चिकटते, म्हणून आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुबार ओळी काढणारा प्रोग्राम सर्रास चालवतात.

काल संध्याकाळी डेस्कवरच्या जोशींनी तो माझ्या बातमीवर चालवला. बंदरात न परतलेल्या मासेमारी बोटीच्या तांडेलाची, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाची, बायको माझ्याशी बोलली होती. तिचं प्रत्येक वाक्य मी वेगळ्या ओळीवर लिहिलं होतं. “बोटीत डिझेल भरपूर होतं,” हे ती पुन्हा पुन्हा म्हणाली होती. पडद्यावर ते एकदाच उरलं.

“अहो जोशी, काय केलंत हे?”

“एकदा आलंय ना? वाचक काय बहिरा आहे?”

प्रोग्राम चुकला नव्हता, याचाच संताप आला. माहिती सगळी शाबूत होती, त्या बाईचं वाट पाहणं तेवढं गळालं होतं. मी ओळी परत आणल्या. पानात जागा नाही म्हणून जोशी कुरकुरले.

तेवढ्यात तिचा फोन आला. बोट किनाऱ्याला लागली असेल, असं क्षणभर वाटलं.

“दादा, तेवढं लिहा हां. बोटीत डिझेल भरपूर होतं.”