सुईवाल्या सबनीस बाई

आमच्या घरात गुळाच्या डब्याला कुलूप होतं. छोटं पितळी कुलूप, आईने बाजारातून मुद्दाम आणलेलं. किल्ली तिच्या मंगळसूत्राला अडकवलेली असायची. आईच्या मते चोर घरातच होता, आणि तो चोर म्हणजे माझे वडील होते.

आबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. लोखंडी आकडा मारून गोणी पाठीवर ओढून घ्यायची आणि गाडीपासून गाळ्यापर्यंत चालायचं, हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षी त्यांचा उजवा हात खांद्यातच आखडला. सदरा घालायलाही आई लागायची. मधुमेह आधीपासून होताच. मुकादमाने त्यांना गोण्या मोजायच्या हलक्या कामावर बसवलं आणि सांगून टाकलं, "शेलार, दिवाळीपातूर सांभाळून घेतो. पुढं हात चालला न्हाई तर जागा दुसऱ्याला द्यावी लागंल. टोळीला माणूस पायजे, मोजणारा न्हवं."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. आबांची जागा गेली की माझं कॉलेज गेलं, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

आबांनी एका दवाखान्यात खांद्यात इंजेक्शन घेतलं. दुखणं थोडं बसलं, पण हात काही वर जाईना. उलट त्यांना सारखी तहान लागायला लागली. चपलेने पायाला आलेला फोड बुजेना. तपासणी केली तर साखर कधी नव्हती इतकी वाढलेली. नेमकं त्याच आठवड्यात आईला त्यांच्या खिशात गुळाचा खडा सापडला.

मार्केटात गाडी खाली झाली की टोळीत गूळ-शेंगदाणे वाटायची पद्धत होती. आपला वाटा घेतला नाही तर माणूस टोळीतून वेगळा पडल्यासारखा वाटे. आबा वाटा घ्यायचे, शेंगदाणे खायचे आणि गूळ खिशात टाकायचे.

"पोरीसाठी ठेवला हुता," आबा म्हणाले.

"आन् साखर काय पोरीची चढली?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुलूप आलं. आबा भांडले असते तर बरं झालं असतं. ते गप्प झाले. अर्ध्या भाकरीवर उठायला लागले. चाळीतल्या बायका आईला विचारायच्या, "काय गं, कुलूप टिकलं का?" हे सगळं आबांना आतपर्यंत ऐकू जायचं.

अशा दिवसांत टोळीतल्या एकाने सबनीस बाईंचं नाव सांगितलं. बाई भूलतज्ज्ञ होत्या. सकाळभर वाशी-नेरूळच्या हॉस्पिटलांत ऑपरेशनसाठी भूल द्यायच्या आणि दुपारी कोपरखैरण्यात एका तळमजल्याच्या खोलीत दुखण्याचे पेशंट बघायच्या. मूळच्या राजापूरच्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. मार्केटात त्यांना सगळे सुईवाल्या बाई म्हणत.

आम्ही तिघं गेलो तेव्हा आत एक बँकेतले साहेब झोपलेले होते. दार उघडंच होतं. बाई सिरिंज हातात धरून त्यांना सांगत होत्या, "यात दोन औषधं आहेत. एक नस गप्प करणारं, दुसरं सूज बसवणारं. दुसऱ्याचं नाव स्टेरॉइड. ते काही दिवस साखर चढवतं. आता तुम्ही म्हणा."

"अहो डॉक्टर, मी शिकलेला माणूस आहे."

"मग पटकन म्हणाल."

साहेबांनी म्हणून दाखवलं. त्याशिवाय सुई टोचली गेलीच नसती. ही बाईंची रीतच होती. पेशंटच्या अंगात काय चाललंय, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या हात लावत नसत. आणि सुई झाली की औषधाची रिकामी बाटली पुसून त्याच्याच हातात द्यायच्या. "पुढच्या डॉक्टरला दाखवा. त्याला स्वप्न पडणार नाही आम्ही काय घातलं ते."

आमची पाळी आली. बाईंनी आबांचा हात हळूच वर करून पाहिला. हात छातीच्या पातळीला आला तसे आबांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी पायाचा फोड पाहिला.

"साखर कधीपासून वाढलीय?"

उत्तर आईने दिलं. "गूळ खात्यात चोरून. मी आता कुलूप लावलंय."

बाईंनी आईकडे पाहिलंच नाही. "शेलार, खांद्यात आधी कुणी सुई दिली होती?"

"दिली हुती."

"काय घातलं ते सांगितलं?"

"न्हाई. म्हनले, बरं वाटंल."

"सुईच्या आधी अशी तहान लागायची?"

"न्हाई. दुसऱ्या दिशीपास्नं लागाया लागली."

बाई खुर्ची ओढून आईच्या समोर बसल्या. "वहिनी, यांनी गूळ खाल्ला नाही. दवाखान्याने खायला घातला. ते औषध खांद्यात सोडलं तरी अंगभर फिरतं आणि साखर चढवतं. साध्या माणसाला पत्ता लागत नाही. मधुमेह असला की असं होतं. औषध वाईट नाही हो. पण आधी सांगायला हवं होतं."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मग तुमी बोलला का न्हाई?" ती आबांना म्हणाली.

"बोललो हुतो की," आबा म्हणाले. "तू डब्याकडं बगत हुतीस."

घरी आल्यावर आईने मंगळसूत्रातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. माफी वगैरे आमच्याकडे कुणी मागत नाही. तिने आबांच्या ताटात सबंध भाकरी वाढली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिली. ते कुलूप पुढे माझ्या पुस्तकांच्या पेटीला लागलं.

बाईंनी लगेच सुई दिली नाही. आधीचं औषध अंगातून उतरू दे, पाय बरा होऊ दे, मग बघू म्हणाल्या. दिवाळी जवळ येत होती. आबांनी एकदा हात जोडून विनवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सुई माझ्या हातात आहे, साखर तुमच्या. दोघांनी मिळून काम करायचंय. मी एकटीने घाई करून काय उपयोग?" आबांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला आणि सुईनंतरच्या दिवसांत गोळ्या कशा घ्यायच्या ते ठरवून घेतलं.

मग माझ्याकडे वळल्या. "कॉलेजात काय शिकतेस?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

"बेनेडिक्टचं द्रावण माहीत आहे?"

"प्रॅक्टिकलला केलंय."

"मग घरात कर. बापाची लघवी तपासायला लाजायचं नाही. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. विटेसारखं लाल झालं तर मला फोन. म्हण आता."

मी म्हणाले. माझं शिक्षण कुणाच्या कामाला येईल असं तोवर मला कधी वाटलं नव्हतं. शेजाऱ्यांना तर मुळीच नाही.

सुई दिली त्या दिवशी आबा टेबलावर पालथे होते. खांद्याच्या पाठीमागच्या नसेजवळ औषध सोडायचं होतं. बाई म्हणाल्या, "म्हणा शेलार." आबांनी उशीत तोंड खुपसूनच म्हटलं, "एक नस गप करनारं. एक सूज बसवनारं, त्ये थोडंच घातलंय. साखर चढंल. घाबरायचं न्हाई. पानी प्यायचं, गोड खायचं न्हाई, पोरगी तपासंल." बाई हसल्या. "तुम्ही मला नोकरीवरनं काढणार."

दुसऱ्या दिवशी स्टोव्हवर धरलेल्या नळीतलं निळं द्रावण हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. पुन्हा तशीच चढलेली साखर. पण या वेळी घरात कुणी आवाज चढवला नाही. आई एवढंच म्हणाली, "बाईंनी सांगितलंच हुतं," आणि आबांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. काही दिवसांनी रंग हळूहळू निळ्याकडे परतला.

पण सुईने हात वर जात नसतो, ती फक्त दुखणं बाजूला करते, हेही बाईंनी सांगितलं होतं. रोज भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. जिथे बोटं थांबतील तिथे आई कुंकवाची टिकली लावायची. आबांच्या कपाळाला घाम यायचा. आई खालून म्हणायची, "कालच्यापेक्षा खाली ऱ्हायलं. मुकादमाला सांगू का?" आबा दात खाऊन एक बोट वर सरकवायचे. टिकल्या भिंतीवरून मुंग्यांसारख्या वर चढत गेल्या.

दिवाळीच्या आधी आबांनी आकडा हातात घेतला. पहिली गोणी पाठीवर आली तेव्हा मुकादमाने गोण्या मोजायची वही दुसऱ्याच्या हातात दिली. टोळीत गूळ वाटला गेला. आबांचा वाटा त्या दिवशी मीच खाल्ला.

बाईंनी दिलेली रिकामी बाटली आबांनी देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली. एकदा बाईंना ते कळलं तेव्हा त्या चिडल्या. "देवाला काय करायचीय ती? डॉक्टरला दाखवा." आबा बरं म्हणाले आणि बाटली तिथेच राहिली.

नंतरही मी त्यांच्याकडे जायची. कधी आबांची साखर सांगायला, कधी नुसतीच. बिनदुधाचा चहा पीत त्या मला प्रश्न विचारायच्या आणि उत्तर अडलं की म्हणायच्या, "समजलं असेल तर तुझ्या आईला कळेल असं सांग. नाहीतर तुला समजलेलं नाही." शेवटच्या वर्षी परीक्षेमुळे माझं जाणं तुटलं. निकाल लागला तशी मी पेढे घेऊन गेले. खोलीत चष्म्याचं दुकान उघडलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम गेल्या ना गावाला. आई आजारी होती त्यांची. पत्ता नाय माहीत." मी पेढ्यांचा पुडा हातात धरून तिथल्या पायरीवर बरंच बसले. पुढे राजापूरकडचं कुणी भेटलं की मी विचारायची. पत्ता लागला नाही. भेट झालीच नाही.

आज मी शाळेत विज्ञान शिकवते. शिकवून झालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "आता तुम्ही म्हणा." मुलं म्हणतात. मी तेव्हा उगाच दाराकडे बघते.

माझा निकाल लागला त्या वर्षी आबांनी माझ्या पदवीच्या कागदाला चौकट करून आणली. भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या टिकलीच्याही वर त्यांनी खिळा ठोकला आणि उजव्या हाताने ती चौकट तिथे अडकवली. शेलारांच्या घरात पहिली पदवी आली होती.