ताई तर सगळ्यांनाच म्हणतात

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मिलिंदलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात जगजाहीर आहे. ही एकच गोष्ट राहिली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगायला धीर होतो आहे बहुतेक.

आमच्या बाल्कनीतून आता टॉवर दिसतात, त्यांच्या मागेही टॉवर. सोसायटीत नवीन आलेलं कोणी विचारतं, इथे आधी काय होतं? मी म्हणते, ऊस. आणि मग मला आवरणं कठीण. गाझियाबादच्याही पुढे, हायवेवरून आत वळलं की उसातून एक कच्चा रस्ता यायचा. थंडीत गुऱ्हाळं लागली की सगळ्या गावाला गुळाचा वास यायचा, वाळत टाकलेल्या कपड्यांनासुद्धा. सकाळी गच्चीवर मोर. मी पुण्याची, मोर फक्त पेशवे पार्कात पाहिलेले. पहिल्यांदा त्याचं ओरडणं ऐकलं तेव्हा कोणाला तरी मारताहेत असं वाटून मी मिलिंदला हलवून उठवलं होतं.

आम्ही त्या गावात राहायला गेलो ते हौसेनं नाही. दिल्लीत मुनिरकाच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे, म्हणून इथे फ्लॅट बुक केला. मग दिल्लीकडच्या प्रत्येकाचं होतं तेच झालं — पझेशन पुढे, आणखी पुढे. शेवटी मिलिंद म्हणाला, इमारतीच्या समोरच राहू, निदान वीट चढताना तरी दिसेल. म्हणून रस्त्यापलीकडच्या गावात एका घराच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या.

पहिल्याच दिवशी मी घरमालकिणीला ‘ताई’ म्हटलं. आपण म्हणतोच ना? भाजीवालीला, बँकेतल्या बाईला, कोणीही जरा मोठी दिसली की ताई. पण तिकडे ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, सख्खी काकू. अंगणातल्या बायका खदखदून हसल्या. भाडेकरणीनं सामान उतरायच्या आत नातं जोडलं होतं! मला काही कळेना. ती मात्र हसली नाही. गोवऱ्या थापत होती, हात धुऊन जवळ आली आणि म्हणाली, “ताई कह दिया, छोरी, तो अब निभानी पड़ेगी।”

मला वाटलं, दम देते आहे.

तिनं निभावलं. सई झाली तेव्हा माझ्या आईला पुण्याहून यायला वेळ लागला. तोवर डिंकाचे लाडू ताईनं केले, मालिश ताईनं केली. आई आल्यावर दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी बाळाला टोपडं घालावं की नाही यावर त्यांचं अंगणातल्या उन्हात रोज भांडण व्हायचं आणि रोज मिटायचं. ताईचा नातू बिट्टू मला बुआ म्हणायचा, म्हणजे आत्या. श्रावणात तिथे लग्न झालेल्या मुलींना माहेरून सिंधारा जातो — घेवरची मिठाई, बांगड्या, साडी. आम्ही एकदाचे फ्लॅटमध्ये गेलो, तर त्या श्रावणात ताई स्वतः सिंधारा घेऊन लिफ्टनं वर आली. लिफ्टला घाबरून डोळे मिटलेले आणि घेवरचा डबा छातीशी धरलेला. मी रडले. परक्या मुलखात मला माहेर मिळालं होतं, आणि तेही एका चुकलेल्या शब्दामुळे.

बघा, मी अजून चांगलंच सांगते आहे. मूळ गोष्टीकडे जायला पाय निघत नाही.

गावाचा एक भूमिया होता. म्हणजे चुन्यानं रंगवलेला लहानसा ओटा, गावाच्या जमिनीचा राखणदार. म्हैस व्याली, मूल झालं, लग्न ठरलं, की पहिला दिवा तिथे. जमिनी गेल्या तेव्हा तो ओटा नेमका सोसायटीच्या भिंतीच्या आत आला. बिल्डरनं मागच्या बाजूला एक छोटं फाटक ठेवलं आणि गावच्या बायका तिथून येऊन दिवा लावून जायच्या. कोणाला त्रास नव्हता. पण लोक राहायला आले, गाड्या आल्या, मग कोणाच्या तरी सायकली गेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर रोज ‘ये गाँव वाले’ सुरू झालं. चोर कोण ते कधीच कळलं नाही. फाटक बंद करायचं मात्र ठरत आलं.

आणि मी? मी तोवर सगळ्यांची ‘मराठी भाभी’ झाले होते. सोसायटीचा गणपती मी सुरू केला, मोदक माझ्याच घरचे. एकदा ताई आरतीला आली, घुंगट घेऊन मागे उभी राहिली, तेव्हा दोघी-तिघींनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. कोण काय म्हणालं? काहीच नाही. पण पुढच्या गणपतीला मी ताईला बोलावणं विसरले. विसरले — असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

फाटकासाठी मीटिंग झाली तेव्हा मिलिंद टूरवर होता. गावाकडून ताई आणि आणखी दोघी आल्या होत्या. बिट्टूचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी भूमियाला दिवा लागला नाही तर ताईच्या लेखी ते लग्नच पुरं होत नव्हतं. सेक्रेटरी तसे बरे गृहस्थ. त्यांनी मधला मार्ग काढला. फाटक बंद, पण इथे कोणाचे नातेवाईक राहत असतील तर त्यांनी पाहुणे म्हणून मेन गेटनं यावं, केव्हाही यावं.

ताईचा चेहरा उजळला. तिनं माझ्याकडे बोट केलं. “हमारी तो बेटी रहती है यहाँ।”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सेक्रेटरींनी विचारलं, भाभीजी, आपकी रिश्तेदार हैं? एवढंच. ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो? मला त्या क्षणी काय दिसलं सांगू? आरतीच्या वेळची ती नजर दिसली. उद्या ग्रुपवर काय येईल ते दिसलं. सईच्या मैत्रिणींच्या आया दिसल्या.

मी म्हणाले, “नहीं नहीं, वो तो हमारी मराठी में ताई सबको कहते हैं।”

आणि हसले. हे हसणं मला सांगायचं होतं. वाक्य खोटंही नव्हतं हो, अगदी व्याकरणशुद्ध होतं. माझ्याबरोबर चार-पाच जण हसले, सेक्रेटरी ‘अच्छा अच्छा’ म्हणाले आणि विषय संपला. ताई हसली नाही. रागावलीही नाही. तिनं बोट खाली घेतलं, बरोबरच्या दोघींना ‘चलो’ म्हणाली आणि त्या गेल्या.

फाटकाच्या जागी विटा लागल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली भिंतीच्या पलीकडे बायका गाणी म्हणत आल्या, आणि ताईनं भिंतीच्या पायाशी, बाहेरच्या बाजूनं, दिवा लावला. ओटा भिंतीच्या आत होता, दिवा बाहेर. मला खाली जाता आलं असतं. गेटवर सांगता आलं असतं, माझे पाहुणे आहेत, सोडा. मी कपडे तिथेच टाकून आत आले.

नवरदेव घरातून निघताना त्याला बुआनं ओवाळायचं असतं. ते काम ताईनं मला कधीचं सांगून ठेवलं होतं. बोलावणं आलं नाही. वरात वाजत गेली ती मी ऐकली. मिलिंदनं विचारलं, आपण नाही का जायचं? मी म्हणाले, घरच्या घरी करताहेत म्हणे.

लग्नानंतर काही दिवसांनी गार्डचा फोन आला की गावातून कोणी बाई लाडू घेऊन आली आहे. मी म्हटलं, पाठवा. ताई आली. सोफ्याच्या कडेवर बसली, डबा टीपॉयवर ठेवला. सून चांगली आहे म्हणाली. सईचं विचारलं. मीटिंगबद्दल एक शब्द नाही. मग म्हणाली, “थोड़ा पानी पिला दो।”

तुम्ही म्हणाल, त्यात काय? ताई त्याआधी कितीदा तरी माझ्या घरी आली होती आणि तिनं कधी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी चहा करायची, तो तसाच गार व्हायचा. आमच्याकडे मासे शिजतात म्हणून तिला चालत नसेल, असं समजून मी मनातून चिडायचेही. एकदा तिच्या यजमानांनीच हसत सांगितलं होतं की लेकीच्या घरचं आमच्यात पाणीही पीत नाहीत.

म्हणजे ती काय मागते आहे ते मला कळत होतं, पूर्ण कळत होतं. तिच्या पाया पडता आलं असतं. चुकले, एवढं तरी म्हणता आलं असतं.

मी आत गेले, पेला भरला आणि आणून दिला. ती सगळं पाणी प्यायली.