खोगिराची जागा

ऊलकानने एकोणचाळीस वर्षांत 'दगड' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. तिच्या सासऱ्याचं नाव ताश्तानबेक, आणि किरगिझ भाषेत ताश म्हणजे दगड. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, नावासारखा शब्दसुद्धा नाही. मग चुलीचे दगड झाले 'कडक', ओढ्यातले गोटे 'कडक', घोडीच्या खुरात अडकलेला खडाही 'कडक'. सासरे जाऊन बारा वर्षं झाली, तरी बाईचा नेम ढळला नाही.

डोंगरातल्या कुरणावर घोड्या दोहण्यात जन्म गेला आणि शेवटी कंबरेने दावा साधला. मणक्यांमधली गादी फुटून शिरेवर बसली. पायात अशा कळा, की बाई खोगिरावर चढेना. मग तिची मुलगी नुर्झात, बिश्केकमधली मास्तरीण, तिला ओढतच शहरात घेऊन आली.

डॉक्टर एर्मेकनी कंबरेची फिल्म उजेडासमोर धरली. आईला आणि आईच्या वयाच्या बाईला तिकडे 'आपा' म्हणतात.

"आपा, छोटी चीर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा काढता येईल. नाहीतर पेनाएवढी नळी घालून, दुर्बिणीने."

"आणि लेझर?" नुर्झातने विचारलं. आठवडाभर वाचून तिने वही भरली होती.

"लेझरने गादी थोडी आकसते. तुमचा तुकडा तुटून बाहेर आलाय, तिथे ते कुचकामी. बाकी दोन्हींत पायाची कळ जवळपास सारखीच जाते. नळीची जखम लहान, लवकर उठाल. पण तुकडा मोठा आहे, चिरेतून मला जास्त नीट दिसेल."

"नळीच," ऊलकान म्हणाली. "घोड्या व्यायला आल्यात माझ्या."

"बरं, बधिरपणा वगैरे काही?"

ऊलकानने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. परका पुरुष, त्यात लेकीच्या वयाचा. ती जमिनीकडे बघत पुटपुटली, "खोगीर टेकतं ना, तिथं कडक झालंय."

"स्नायू आखडले असतील," म्हणत डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि सोमवारची तारीख दिली. नुर्झात शेजारीच बसली होती. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ऊलकानच्या हातातून वाटी निसटली. उकळता चहा मांड्यांच्या मधोमध सांडला. नुर्झात किंचाळून उठली. ऊलकान मात्र शांतपणे पाव खात होती.

"आपा! भाजलं नाही तुला?"

"काल सांगितलं ना डॉक्टरला. कडक झालंय म्हणून."

नुर्झातला आत्ता कळलं. कडक! आखडलेलं नाही, दगड. दगडासारखं बधिर. खोगिराची सगळी जागा दगड झाली होती आणि दोन शिकली-सवरलेली माणसं 'नळी की चीर' करत बसली होती.

खालच्या शिरा दबल्या की लघवीही अडते, हे तिने वहीत लिहिलं होतं. "लघवी कधी झाली?"

"काल दुपारी. बोलायच्या गोष्टी आहेत का ह्या!"

"अगं, मग दगड म्हणायचं ना! दगड!"

"हळू बोल, शिंगरा," ऊलकान घाबरून म्हणाली. "आजोबांचं नाव आहे ते."

टॅक्सीतून नुर्झात फोनवर ओरडत होती. दवाखान्याच्या दारातच डॉक्टर एर्मेक उभे होते, चेहरा पांढराफटक.

"कडक म्हणजे... अरे देवा! माझी आजीसुद्धा अशीच बोलायची. मला कळायला हवं होतं."

"कुठली पद्धत करणार?"

"आता निवडायला काही उरलं नाही. मोठी चीर देऊन सगळ्या शिरा मोकळ्या करायच्या, आत्ताच. संवेदना परत येईल की नाही, सांगता येत नाही."

ती वही नुर्झातने कचऱ्याच्या डब्यात टाकली. आपल्या आईची बोली आपल्यालाच कळू नये, याची तिला भयंकर लाज वाटत होती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी संवेदना तपासायला सुई घेतली. ऊलकानने डोळे मिटले, रुमाल दातात धरला.

"डावीकडे?"

"टोचतंय, मेल्या!"

नुर्झात रडायला लागली. डॉक्टरांनी सुई दुसऱ्या बाजूला नेली. एकदा टोचली, परत टोचली.

"उजवीकडे, आपा?"

ऊलकानने डोळे उघडले आणि रुमाल डोक्यावर नीट ओढून घेतला.

"उजवीकडं," ती म्हणाली, "अजून मामंजीच बसलेत."