आमदार निवासातली वऱ्हाडी

वाशीम स्टेशनावर मला पोचवायला अर्धं गाव आलं होतं. हारांच्या भारानं मान वळवता येत नव्हती. तेव्हा आमची छोटी लाईन. तिनं अकोल्यापर्यंत जायचं आणि तिथं मुंबईची मेल धरायची. मी नगराध्यक्षाचा आमदार झालो होतो, आमच्या बौद्ध वस्तीतला पहिलाच. बँडवाले जीव तोडून वाजवत होते. वडील मात्र गर्दीच्या मागे उभे होते. गाडी हलायच्या बेतात आली तसे ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "तिथं तुले कोनी वळखनार नाई. घाबरजो नको."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तुम्ही जे वाशीमलाच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, दोघांनाही ती सांगायची आहे.

माझी बायको सुशीला मुलींच्या शाळेत शिकवायची. ती सोबत आली नाही. "तुमी सभागृहात बसान, अन् मी त्या खोलीत कोनाशी बोलू?" ती म्हणाली होती. तिचं खरंच होतं. मीच पुढं त्या खोलीत कुणाशी बोलू हे शोधत राहिलो.

नगराध्यक्ष असताना मला एकट्यानं चालणं माहीत नव्हतं. सकाळी घराबाहेर पाऊल टाकलं की नळावरच्या बाया अडवत. "काहून गा, आज बी पानी नाई?" नाली तुंबली की माझं नाव, दिवा गेला की माझं नाव. चिडचिड व्हायची. मुंबईत आमदार निवासातून विधानसभेपर्यंत चालत जाताना कुणी अडवत नसे. चर्चगेटकडून येणारी माणसं पाण्यासारखी दोन्ही बाजूंनी निघून जात. खोलीतला जोडीदार कोकणातला आमदार. शुक्रवार आला की तो घरी पळायचा. मग मी आणि पंखा.

सभागृहात पहिल्यांदा बोलायला उठलो तेव्हा भीतीपोटी आपसूक घरचीच बोली तोंडात आली. "आमच्या तिकडं पानी नाई," म्हणालो आणि दोन-तीन बाकांवर हसू पसरलं. वाईट हेतूचं नसेलही. पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी वाक्य मनात धुऊन घेऊ लागलो. नाहीचा ह नीट म्हणायचा, पाण्याचा ण जपायचा. सुट्टीत घरी गेलो तर लोक म्हणाले, "साहेब आता मुंबईवानी बोलून राह्यले." ते कौतुकानं म्हणाले. मला मात्र दोन्हीकडून दार लागल्यासारखं झालं.

मग आमच्याकडच्या जऊळका गावची गंगाबाई आली. घशात गाठ होती, मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. मुंबईत तिचं कुणी नव्हतं, म्हणून तिचा लेक किसन तिला माझ्या खोलीवर घेऊन आला. गावाकडचे आजारी असे सगळ्याच आमदारांकडे उतरत. मी तिला खाट दिली. ती अंग टाकायच्या आधी खोलीभर पाहून म्हणाली, "येवढा मोठा आमदार तू, अन् चहाले बी कोनी सोबत नाई तुले?"

ती मला अरेतुरे करायची. दुपारी मी सभागृहातून परतलो की तिच्या गप्पा सुरू: रेल्वे फाटकाजवळचं वावर, सुनेचा राग, शेलूबाजारात विकलेला बैल. आवाज घोगरा झालेला, पण थांबायची नाही. मी धुतलेल्या भाषेत उत्तर दिलं की विचारायची, "असा पेपरावानी कायले बोलतं रे?" हळूहळू माझी जीभ सैल झाली.

डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिनं किसनला जवळ बसवून शेतीचं सगळं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुहं बोलनं चालू राहू देजो बापा. मी आयकत जाईन."

आणि तसंच झालं. ती वॉर्डात मुकी पडून होती आणि मी रोज तिच्या उशाशी बसून वऱ्हाडीत बोलायचो. ती मान हलवायची, हसायची, कधी चूक काढल्यासारखी हात झटकायची. किसन तिला घेऊन गावी गेला तेव्हा खोली पहिल्यापेक्षा जास्त रिकामी झाली. पण त्याच अधिवेशनात मी तालुक्याच्या दवाखान्यासाठी बोललो, जसं गंगाबाईशी बोलायचो तसं. कोण हसलं, मी पाहिलं नाही. दवाखान्याला मंजुरी मिळायला पुढं बरीच वर्षं लागली, तोवर मी आमदार नव्हतो.

दुसऱ्यांदा तिकीट मिळालं नाही. परत आलो तेव्हा स्टेशनावर कुणी नव्हतं. वडील तोवर वारले होते. नळावरच्या बाया आता दुसऱ्या नगराध्यक्षाला अडवत. मला पाहून त्या पदर सावरून बाजूला झाल्या.

घरी दार उघडं होतं. सुशीला खाटेवर परीक्षेचे पेपर पसरून बसली होती. एकटीनं घर चालवायची तिला सवय झाली होती. माझी उशीसुद्धा तिनं माळ्यावर ठेवून दिली होती. मी दारातच थबकलो. कुठं बसावं कळेना.

घर म्हणजे आपली वाट पाहणारी जागा, असं मुंबईत मला वाटायचं. तसं नसतं. आपल्यावाचून जगायला शिकलेल्या माणसानं पुन्हा जागा केली, तर ते घर.

तिनं पेपर एका बाजूला सारले आणि म्हणाली, "बसा. सवय व्हाले येळ लागन दोघायले."

मी बसलो.