टब पुसणारा सुतार

चाळीस वर्षं दारं-कपाटं केलेल्या सुताराने बायकोच्या गुडघ्यांसाठी परसात गरम पाण्याचा लाकडी टब केला. नवा टब गळतोच. दोन दिवस भरून ठेवला की लाकूड फुगतं आणि सांधे बंद होतात, हे शहाणपण तो स्वतःच जगाला शिकवायचा. पण लाकूड भिजलेलं त्याला बघवायचं नाही. रोज संध्याकाळी तो टब रिकामा करून लख्ख पुसायचा आणि सकाळी भरल्यावर पुन्हा गळला की वखारवाल्याला शिव्या घालायचा.

शेवटी बायकोने फडकं लपवलं. तिसऱ्या दिवशी गळती थांबली. ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली.

"अहो, या की तुम्हीही."

तो उतरला आणि काढून ठेवलेल्या सदऱ्याने टबाची कड पुसू लागला.