सैतानाचं खरवडलेलं तोंड

माझ्या साडूंइतका धंद्याला घातक माणूस ऱ्हाईन नदीच्या दोन्ही काठांवर मिळायचा नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना अहोजाहो करतो, नाहीतर बरंच काही म्हटलं असतं. कोलोनच्या विद्यापीठात ते मध्ययुगीन इटलीतल्या चित्रांच्या पोथ्यांवर संशोधन करत. देवाधर्माशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण त्या पोथ्यांतले संत जणू सख्खे नातेवाईक. जेवताना ताटाशेजारी फोटो मांडून त्यांची उणीदुणी काढायचे. "हा जोसेफ बघा. पोर जन्मलंय, देवदूत गातायत आणि हा कोपऱ्यात गालाला हात लावून बसलाय. चहासुद्धा विचारला नाही कोणी." मेरीला येशूच्या जन्माची बातमी द्यायला देवदूत आला की, "बाई निवांत वाचत बसलीय आणि हा बेल न वाजवता आत." माझी बायको "भाऊजी, आधी जेवा" म्हणून थकायची. आमटी गार.

मी एका सुटकेसवर जर्मनीत आलो आणि जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर उभा राहिलो. स्वतःचं दुकान उघडायचं ठरलं, तेव्हा दर्शनी काचेत लावायला काहीतरी भारी हवं होतं. ते मला फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावर सापडलं. कातड्यावर लिहिलेलं पान, सोनेरी मोठं अक्षर, अक्षराच्या पोटात नरक. फक्त सैतानाचं तोंड खरवडून गेलेलं. मी त्या तोंडालाच धरून बसलो. खराब माल म्हणून हिणवलं, रागावून निघून गेलो, परत आलो. बाई पार वितळल्या. मी पाकीट काढलं आणि माझ्याबरोबर बाजारात आलेले साडू मागून येऊन टपकले.

"खराब?" ते अस्खलित जर्मनमध्ये बाईंना म्हणाले. "वाचणाऱ्यांनी नखांनी खरवडलंय ते. लोक सैतानावर राग काढायचे. इटलीतल्या मठाच्या गाण्यांच्या पोथीतलं अस्सल पान आहे."

"साडू, गप्प बसा," मी मराठीत म्हणालो.

"पण खरं आहे ते."

"म्हणूनच."

बाईंनी पान ओढून घेतलं. आता ते विकायचं नव्हतं.

साडूंना त्याचं काहीच नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं, बाईंनी चष्मा पुसला आणि दोघं पानावर वाकले. "ह्या कढईतल्या बिशपचं तोंड बघा," साडू म्हणाले, "घरमालकाने भाडं वाढवल्यासारखं." बाई हसत सुटल्या. तेवढ्यात पाऊस आला. मी साडूंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत छत्री उघडली आणि पानावर धरली. माझी पाठ निथळत होती.

साडू आता पुण्याला परत गेलेत. फोनवर मी अजून त्या पानावरून भांडतो. भांडून झालं तरी फोन कोणी लवकर ठेवत नाही.