गेट फक्त माझ्यावर वाजतं

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतोय. जेवणं झाली की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो... कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडली. मी म्हणायचो, अरे, प्लग साफ करा की! आमच्या घरात देव आहेत, पण अंगारे-धुपारे नाहीत. वडील एसटीत मेकॅनिक होते, त्यामुळे आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं झालंय, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून हे लिहायला मला वर्ष लागलं.

मी केजचा. मेन रोडला, स्टँडपासून चालत पाच मिनिटांवरच्या एका दोन मजली कापड दुकानात मी सोळा वर्षं काम केलं, शेवटची सहा वर्षं मॅनेजर म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही. खाली साड्या आणि ड्रेस मटेरियल, वर जेन्ट्स आणि लहान मुलांचं. यायला-जायला दार एकच.

गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर चोऱ्या लई वाढल्या. चौघं-पाच जण एकदम यायचे, दोघं ढीगभर साड्या उलगडायला लावायचे आणि तिसरा दोन पिशवीत घालून पसार. कॅमेरे होते, पण कॅमेऱ्यात चोर दिसतो तो चोरी झाल्यावर. मीच शेठच्या मागं लागलो की दाराला सेन्सरचं गेट बसवू. मोठ्या शहरातल्या दुकानांत असतात ना, दाराच्या दोन बाजूंना दोन पांढरे खांब... तसं. मालाला प्लास्टिकचं बटण टोचायचं, बिल झालं की काउंटरवरच्या मॅग्नेटनं ते काढायचं. बटणासकट कुणी बाहेर निघालं की खांब लाल होतात आणि वाजायला लागतात.

शेठ तयार नव्हते. "गिऱ्हाईक काय म्हणंल बे? चोर समजता का आमाला, म्हणंल." मी महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी हो म्हणाले, पण वर एक वाक्य जोडलं — "अशोक, हे तुझ्या जबाबदारीवर."

गेट बसवायला छत्रपती संभाजीनगरहून माणूस आला होता. त्यानं मला सगळं समजावलं. जाताना म्हणाला, "साहेब, कधी कधी हे उगाच पण वाजतं. लोंबणारी वायर, ट्यूबचा चोक, कशानंही. सगळंच मशीनवर सोडू नका, माणूस बघून वागा." हे त्यानं फक्त मला सांगितलं. मी ते शेठना सांगितलं नाही. म्हटलं, उगाच शंका काढतील.

आता मंदाताईंबद्दल. त्या साडी विभागात होत्या, युसूफ वडगावच्या. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, घरी एकच मुलगी, ज्योती, नर्सिंग शिकणारी. मी लागलो त्याच्या आधीपासून त्या दुकानात होत्या. बाई दारातून आत आली की हिला कोणता रंग दाखवायचा हे त्यांना कळायचं. मला भाऊ म्हणायच्या. माझी मुलगी झाली तेव्हा बायकोसाठी डिंकाचे लाडू करून जीपमधून मांडीवर डबा धरून आणले होते.

गेट बसून दहा-बारा दिवस झाले असतील. बाजाराचा दिवस, दुकान गच्च भरलेलं. ज्योतीला बघायला पाहुणे येणार म्हणून मंदाताई त्या दिवशी लवकर, साडेचारलाच निघाल्या. दोन खांबांच्या मधून गेल्या आणि गेट वाजलं.

आधी सगळे हसले. काउंटरवरची वैशाली म्हणाली, "मंदाताई, कोणती साडी आवडली म्हणायची?" त्याही हसल्या. पिशवी माझ्या हातात दिली. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. पिशवी मी गेटमधून नेली — गप्प. त्या परत निघाल्या — वाजलं. मोबाइल ठेवला, कानातलं काढलं, चपला काढल्या. अनवाणी गेल्या... तरी वाजलं.

आता कुणी हसत नव्हतं. गिऱ्हाइकं हातातली साडी तशीच धरून बघत होती. एकानं मोबाइल वर केला. जिन्याजवळची एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, ही तर आपल्या वडगावची मंदा!"

शेठ गादीवरून उठून आले. वैशालीला म्हणाले, ट्रायल रूममध्ये नेऊन बघ. पाचेक मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. वैशालीनं मानेनंच 'नाही' केलं. मंदाताईंच्या साडीच्या निऱ्या उलट्यासुलट्या खोचल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना साडी नेसून दाखवणारी बाई ती.

शेठनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "अशोक, हे मशीन चुकतं का?"

"न्हाई शेठ," मी म्हणालो. "चुकत न्हाई."

बस्स, एवढंच बोललो. गेट माझ्या शब्दावर आलेलं होतं, ते बारा दिवसांत खोटं ठरलं असतं तर माझं काय राहिलं असतं... असा काहीतरी हिशेब डोक्यात चालला होता. हिशेब म्हणतोय खरा, पण तेव्हा एवढा विचारही केला नव्हता. तोंडातून निघून गेलं.

मंदाताई माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुमी तरी सांगा की. मी काय घेतलंय?"

मी कॉम्प्युटरकडं बघत राहिलो. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. वेगळी साडी, वेगळी पिशवी. आणि आत येतानाच गेट वाजलं. आत येताना! बाहेरून येणारं माणूस दुकानात काय चोरून आणणार? पण हे कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या तीन दिवसांत गेटमधून शेकडो माणसं गेली, एकाही माणसावर ते उगाच वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेठ म्हणाले, "बाई, चार दिवस घरीच थांबा." त्यांना परत बोलावणं कधी गेलंच नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. ज्योतीचे पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. गावात पिठाच्या गिरणीवर त्या आल्या की बाया गप्प बसायला लागल्या. मंदाताई कांदे काढायला जाऊ लागल्या. वीस वर्षं पंख्याखाली उभं राहून काम केलेली बाई, मे महिन्याच्या उन्हात.

तीन आठवडे झाले असतील. सकाळी अकराच्या सुमारास मी चहाला म्हणून बाहेर निघालो. दारात पाय टाकला आणि गेट वाजलं.

मी मागं वळून बघितलं — माझ्या मागं कुणीतरी असेल म्हणून. कुणी नव्हतं. खिशात किल्ल्या होत्या त्या काढून ठेवल्या. वाजलं. पट्टा, मोबाइल, घड्याळ, बूट. वाजलं. वैशाली काउंटरमागं उभी होती, तिच्या तोंडचा रंगच उडाला. "भाऊ... कावून वाजतंय हे?" मी चिडून म्हणालो, "वायर ढिली झाली असंल." तिला म्हटलं, तू जा. ती गेली — गप्प. वरच्या मजल्यावरचे दोघं गेले — गप्प. मी गेलो — वाजलं.

दुपारी फोन आला. मंदाताई रानात कांद्याच्या वाफ्यात चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. उन्हाचा तडाखा. किती वाजता, हे मी विचारलं नाही. आजपर्यंत कुणालाच विचारलेलं नाही. तेवढी छाती नाही माझी.

संभाजीनगरच्या त्या माणसाला परत बोलावलं. त्यानं दिवसभर गेट उघडून तपासलं, सर्किट बदललं, दारातली वायरिंग नवी टाकली. मला म्हणाला, वरच्या मजल्यावरचे नवे कपडे घालून या. मी बटण न लावलेली पँट आणि शर्ट, नवं पाकीट फोडून घातला. तरी वाजलं. तो म्हणाला, "शरीरात काही आहे का? सळई, प्लेट?" काहीही नाही. तरी अंबाजोगाईला जाऊन एक्स-रे काढला. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून हसले. "काय शोधताय नेमकं?"

एका संध्याकाळी मी निघताना गेट वाजलं, तेव्हा शेठनी माझ्या पिशवीकडं बघितलं. क्षणभरच. सोळा वर्षांनंतर.

मला वाटलं, आपल्याच दुकानाच्या गेटचा हा दोष. मग लातूरला मेहुण्याच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलो... वाजलं. तिथलं गेट वेगळ्या कंपनीचं. पुण्यात बहिणीकडं गेलो होतो, मुलीला घेऊन एका मॉलमध्ये गेलो. वॉचमननं बाजूला घेतलं, खिसे उलटे करायला लावले, हात वर करायला लावले. लोक वळून वळून बघत होते. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. ती हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही काही घेतलं का?"

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला बहिणीकडं ठेवून पहिल्या गाडीनं निघालो. मांजरसुंब्याला उतरलो, केजची गाडी धरली, घरी न जाता तसाच युसूफ वडगावला गेलो.

ज्योती अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पुसले. "या मामा," म्हणाली. आईनं मला भाऊ मानलेलं, म्हणून मी मामा. तिनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं — तो माणूस जाताना काय म्हणाला होता ते, शेठनी विचारलं तेव्हा मी काय म्हणालो ते. माझ्यावर गेट वाजतं तेही सांगितलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई शेवटी शेवटी मागच्या दारानंच ये-जा करायची. मी म्हणायची, आई, आपल्या घराला गेट हाय का? ती म्हणायची, असू दे."

मी हात जोडले. ती म्हणाली, "मला कावून सांगायलाव मामा? मला ठाऊकच होतं की तिनं काही घेतलं न्हाई. त्या दिवशी दुकानात माणसं किती होती? त्यांना सांगा."

मी दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्या स्टाफसमोर शेठना खरं काय ते सांगितलं. शेठनी गादीवरून हात फिरवला. म्हणाले, "तवाच बोलला असतास तर..." आणि उठून आत गेले. जिन्याजवळच्या त्या बाईला हुडकून तिच्या घरी गेलो, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, आता गेलेल्या माणसाचं काय काढता.

तुम्हाला वाटेल, एवढं केल्यावर थांबलं असेल. मलाही वाटलं होतं. स्टाफला सांगून झाल्यावर मी मुद्दाम सगळ्यांदेखत दारातून बाहेर गेलो. वाजलं.

मी ती नोकरी सोडली. आता एका सिमेंटच्या दुकानात असतो, तिथं दाराला शटर आहे फक्त. कपडे बायको आणते. कुणी म्हणतं मनाचा खेळ आहे, पण मशीनला कसलं मन? कुणी म्हणतं शांती करा, पूजा घाला. मंदाताईंवर ते पहिल्यांदा का वाजलं, माझ्यावर का वाजतं आणि दोन्हीचा काही संबंध आहे का... मला काही कळलेलं नाही. इथं कुणाला कळलं तर जरूर सांगा, पण मी त्यासाठी लिहिलेलं नाही.

त्या दिवशी दुकानात साठ-सत्तर माणसं असतील. आसपासच्या गावांतली, बरीचशी लग्नाच्या खरेदीला आलेली. मला त्यांची नावं माहीत नाहीत, चेहरेही आठवत नाहीत. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितोय. साडी विभागातल्या मंदाताईंनी त्या दिवशी काहीही चोरलं नव्हतं. खोटं मी बोललो होतो.